त्रान्सितोच्या टाक्यांतली टेकडी

त्रान्सितो ओरेयानाला लकवा झाला तेव्हा तिची वाचा गेली, डावं अंग गेलं, पण उजवा हात राहिला. शेवटची तीन वर्षं ती ओसरीवरच्या झुल्यात पडून असायची आणि तो एक हात हवेत काहीतरी करत राहायचा. अंगठा आणि बोट चिमटीत, मग कोपरापर्यंत लांब ओढ, मग पुन्हा चिमूट. शेजारणी म्हणायच्या, म्हातारी माश्या हाकलते. थोरल्या लेकीला, ओतिलियाला, ठाऊक होतं की आई भरतकाम करतेय. कोणतं कापड भरतेय तेही ठाऊक होतं. ते कापड जगात कुठे आहे, एवढंच ठाऊक नव्हतं.

त्या कापडावर एक टेकडी होती, आणि टेकडीत एवेलियो होता.

एवेलियो हा ओतिलियाचा सर्वांत धाकटा भाऊ. यादवी युद्धात, १९८२च्या मे महिन्यात, सरकारी लष्कर खालून चढत आलं आणि अख्खा गाव, म्हातारेकोतारे, तान्ही पोरं, पिशवीत कोंबलेल्या कोंबड्या, असा सगळा डोंगरातून पळत सुटला. अशा पळण्याला चालातेनांगो प्रांतात गुइंदा म्हणतात. गुइंदा पुष्कळ झाल्या. ह्या गुइंदेत सहा वर्षांचा एवेलियो तापानं गेला. आईनं आणि चेमा नावाच्या एका म्हाताऱ्यानं त्याला टेकडीवरच्या जुन्या गुऱ्हाळापाशी घाईघाईनं पुरलं आणि दोघं पुन्हा पळू लागली. पुढच्याच आठवड्यात चेमा गोळी लागून गेला. ओतिलिया तेव्हा एकोणीस वर्षांची. डोंगरापलीकडे, बंडखोरांच्या दवाखान्यात जखमींना पट्ट्या बांधत होती. भाऊ गेल्याचं तिला कळलं ते पाच महिन्यांनी.

आई सुंपुल नदी ओलांडून होंडुरासमधल्या निर्वासितांच्या छावणीत गेली. तिथे बायका एकत्र बसून कापडं भरायच्या. जळालेली गावं, मक्याची शेतं, आभाळातली विमानं. कापडं परदेशी पाहुण्यांबरोबर बाहेर जायची, म्हणजे जगाला कळावं. सत्त्याऐंशी साली सगळे गावी परतले तेव्हा ओतिलियानं आईला एकदाच विचारलं होतं, नेमकं कुठे. आई चुलीतली राख ओढत म्हणाली, “मी ते भरून ठेवलंय. नीट आहे. आता विचारू नकोस.” टेकडीवर तेव्हा सुरुंग होते, कुणी तिकडे फिरकत नव्हतं. शांतता झाली, सुरुंग निघाले, तोवर आईची वाचा गेली होती. त्याआधी, नव्या दफनभूमीत जागा आखत होते त्या दिवशी, ती एवढंच म्हणाली होती, “माझ्या शेजारी थोडी सोड. लहानशीच.”

ती लहानशी जागा ओतिलियानं अठ्ठावीस वर्षं राखली. दोनदा तिच्यावरून भांडणं झाली. एका चुलतभावानं तर रात्रीतून खुंटी ठोकली होती. ओतिलियानं सकाळी ती उपटली आणि त्याच्या दारात नेऊन ठेवली.

आता ती एकसष्ट वर्षांची होती. गावात तिची मका दळायची गिरणी होती. चुन्यात उकडलेला मका बादल्यांतून घेऊन बायका पहाटे यायच्या आणि पीठ होईपर्यंत साऱ्या गावाची सालं काढायच्या. नोव्हेंबरात, युद्धात हरवलेल्या मुलांचा शोध घेणाऱ्या एका संस्थेचं पत्र आलं. फेब्रुवारीत, जमीन कोरडी असताना, चार दिवस माणसं पाठवू. मात्र जागा सांगता आली पाहिजे. सबंध टेकडी खणता येणार नाही.

“कापड शोधायचं,” ओतिलिया म्हणाली.

तिची मुलगी दिनोरा शाळेत मास्तरीण होती. तिनंच आईच्या फोनवर फेसबुक टाकून दिलं. तिथे छावणीतल्या आणि डोंगरातल्या माणसांचा एक गट होता, सतराशे जणांचा. कुणी ऑस्ट्रेलियात, कुणी स्वीडनमध्ये, कुणी पलीकडच्याच गावात. ओतिलियानं दोन बोटांनी, जिभेचं टोक दातांत धरून लिहिलं: मी ओतिलिया ओरेयाना, त्रान्सितोची मुलगी. आईनं भरलेलं एक कापड शोधतेय. आठ दिवसांत छत्तीस बदाम आले, अकरा वेळा ‘देव भलं करो’ आलं, आणि एका माणसानं फुलांचा गुच्छ पाठवला. कापडाबद्दल अक्षर नाही.

दिनोरा म्हणाली, “आई, तुला ओळखणार कसे? डोंगरात कुणी ओतिलिया होती तरी का?”

ओतिलियानं चष्मा काढून ठेवला.

“तुझं तिकडचं नाव लिही.”

“ते सांगायचं नसतं.”

“युद्ध संपून बत्तीस वर्षं झाली!”

“मग? मी कुठे म्हटलं चालू आहे म्हणून?”

डोंगरात कुणी कुणाचं खरं नाव विचारत नसे. जे ठाऊक नाही ते मारून-मुटकूनही ओठांवर येत नाही, म्हणून जो तो एक दुसरं नाव घ्यायचा आणि खरं पोटात ठेवायचा. ज्याला जेवढं लागेल तेवढंच त्याला कळे. ही सवय ओतिलियाच्या हाडात मुरली होती. नवऱ्याबरोबर तेवीस वर्षं संसार केला, पण त्यालाही तिनं ते नाव सांगितलं नव्हतं. तोही दुसऱ्या तुकडीतला. त्यानंही विचारलं नाही.

दोन दिवस तिनं फोनला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी फोन दिनोरापुढे सरकवत म्हणाली, “लिही. ग्लोरिबेल.”

दिनोरानं लिहायच्या आधी मान वर केली. “ग्लोरिबेल?”

“हो.”

“नटीसारखं?”

“एकोणीस वर्षांची होते मी,” ओतिलिया म्हणाली. “म्हटलं, मरायचंच आहे, तर जरा बऱ्या नावानं मरू.”

त्या संध्याकाळपर्यंत फोन थांबेना. ‘ग्लोरिबेल? दवाखान्यातली? माझ्या मांडीतलं लोखंड तू काढलंस. जिवंत आहे. लंगडतो, ती तुझीच कृपा.’ ‘हात दगडासारखा होता हिचा, पण पट्टी कधी सुटली नाही.’ ‘अगं बये, तू मेलीस म्हणून आम्ही नऊ दिवस प्रार्थना केल्या. त्या आता परत कर!’ माणसं आपापल्या खोट्या नावांनी येत होती, आणि त्या नावांबरोबर त्यांचे विशीतले चेहरे येत होते. खालच्या फोटोंत मात्र टक्कल पडलेले, नातवंडं मांडीवर घेतलेले, बर्फात उभे असलेले लोक होते. ओतिलिया एकेकाला बोटानं मोठं करून पाहत होती. मध्येच हसत होती, मध्येच एप्रनच्या टोकानं चष्मा पुसत होती, आणि गिरणीत आलेल्या बायका बादल्या खाली ठेवून तिच्याकडे पाहत होत्या.

सगळ्यांच्या मागून एक ओळ आली. ‘मी पाका. भरतकामाच्या गटातली. तुझ्या आईच्या शेजारची पथारी माझी होती. ती घोरायची, देव तिला सुखी ठेवो. तिचं टेकडीचं कापड मला चांगलं आठवतं. ते कणसानं नेलं.’

पाका आता कॅनडातल्या विनिपेगमध्ये राहत होती. कणीस म्हणजे छावणीतली एक परदेशी परिचारिका. उंच आणि पिवळ्या केसांची, म्हणून कणीस. तिचंही खरं नाव कुणी विचारलं नव्हतं. पाकानं ह्याला विचार, त्याला विचार करत तीन आठवड्यांत तिला हुडकलं. बेल्जियममध्ये होती, चौऱ्याहत्तर वर्षांची, आणि कापड तिच्या स्वयंपाकघरात काचेमागे लावलेलं होतं. तिनं फोटो काढून थेट ओतिलियाला पाठवला. बरोबर मोडक्या स्पॅनिशमध्ये लिहिलं: रोज कॉफी पिताना बघते. कुणाची टेकडी आहे ते मला कधीच कळलं नाही.

फोटो आला तेव्हा गिरणी चालू होती. ओतिलियानं ती बंद केली.

हातभर कापड. पांढरं म्हणता येणार नाही असं, बहुधा पिठाच्या पोत्याचं. मधोमध गुऱ्हाळ: दगडी चरक आणि चुलाणाची अर्धी भिंत, दोन्ही काळ्या दोऱ्यात, उलट्या टिपेनं घट्ट भरलेली. डाव्या हाताला निळा ओढा, साखळी टाक्याचा. उजव्या हाताला एक मोठं झाड, आणि झाडाखाली एकच एक लाल गाठ. फूल नाही, क्रूस नाही. इतर कापडांवर असायची ती माणसं नाहीत, विमानं नाहीत. सगळ्या कापडात लाल दोरा तेवढ्याच जागी वापरला होता.

“ओढा चुकलाय,” दिनोरा खांद्यावरून वाकून म्हणाली. “ओढा उजवीकडे आहे ना गुऱ्हाळाच्या?”

“तुझ्या आजीनं जन्मात पेन्सिल धरली नव्हती,” ओतिलिया म्हणाली. “कापडावर जागा उरली तिकडे ओढा घातला असेल. झाड बरोबर आहे. उजवीकडचं रानउंबर. अजून उभं आहे.”

“पाकाला पाठव की फोटो. ती खूश होईल.”

“नको. ज्याला लागतं त्यालाच.”

फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी संस्थेची माणसं आली. चौघं होती, त्यांची प्रमुख इंग्रिद, तिशीतली, कानाला पेन्सिल लावलेली. तिनंही फोटो पाहिल्याबरोबर ओढ्याचं विचारलं, आणि ओतिलियानं तिलाही तेच उत्तर दिलं. इंग्रिदनं वहीत काहीतरी टिपलं आणि रानउंबराभोवती दोऱ्या बांधल्या.

जमीन लेन्चोची होती. लेन्चो सत्तरीचा, दिनोराच्या बाप्तिस्म्याला तिचा धर्मपिता झालेला, म्हणून ओतिलियाला कोमाद्रे म्हणायचा. तो दगडावर बसून खणणाऱ्यांना सूचना देत होता.

“अरे, हळू. ती कुदळ आहे, लग्नातला ढोल नाही.”

“काका, आम्ही हेच काम करतो,” खणणारा म्हणाला.

“मीही हेच करतो. पन्नास वर्षं. मला अजून जमलं नाही.”

सोमवारी घोड्याचा एक नाल निघाला. मंगळवारी मडक्याची खापरं, आणि गुडघाभर खाली नुसता पिवळा, कधीच न हललेला मुरूम. इंग्रिदनं मुरुमावर हात फिरवला आणि म्हणाली, “ही माती कुणी उकरलेली नाही, ओतिलियाबाई. देवानं ठेवली तशी आहे.” बुधवारी त्यांनी खड्डा आणखी रुंद केला, मुळांपर्यंत. गावातल्या बायका पुपुसा, म्हणजे मक्याच्या भरल्या भाकऱ्या, आणि कॉफी घेऊन वर यायच्या, खड्ड्यात डोकावायच्या आणि काही न बोलता भांडी गोळा करून उतरायच्या. गुरुवार शेवटचा दिवस होता. शुक्रवारी ही माणसं दुसऱ्या गावी जाणार होती, तिथे एका आईचे तीन होते.

बुधवारी दुपारी ओतिलिया चुलाणाच्या भिंतीला टेकून बसली. तिला आईचा राग आला, आणि त्याचीच तिला लाज वाटली. एवढं एकच काम होतं. एवढा एकच दोरा नीट जागी घालायचा होता. तापानं गेलेलं पोर पुरून पळालेली बाई, दोन वर्षांनी, दुसऱ्या देशात, तंबूत बसून. तिला कुठलं आठवणार उजवं आणि डावं? आपणच वेड्या. पिठाच्या पोत्याला नकाशा मानून बसलो.

फोन थरथरला. पाकाचा निरोप होता, रोजच्यासारखा: ‘सापडलं का लेकरू?’

ओतिलियानं लिहिलं, ‘नाही. आई चुकली.’ मग, आता लपवायला काय उरलंय असं वाटून, तिनं कापडाचा फोटो पाठवून दिला.

अर्ध्या मिनिटात व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर जाड चष्मा, गळ्याला लोकरीचा रुमाल, आणि मागे खिडकीत पांढरंधोप काहीतरी.

“कुठे खणलंत?” पाकानं नमस्कारही केला नाही.

“झाडाखाली. उजवीकडे.”

“कुणाच्या उजवीकडे?”

“गुऱ्हाळाच्या. कापडात आहे तसं.”

“कापडात आहे तसं!” पाकानं कपाळावर हात मारून घेतला. “अगं, तुम्ही ते सरळ वाचलंत?”

“म्हणजे?”

“ऐक. सुरुवातीला आम्ही सगळं होतं तसंच भरायचो. मग एकदा नाक्यावर होंडुरासच्या शिपायांनी एक कापड धरलं. त्यावर विहीर होती, पायवाट होती, सगळं जिथल्या तिथं. पुढं त्या पायवाटेवर काय झालं ते सांगत नाही आता. तेव्हापासून तुझ्या आईनं नेम घालून दिला. आधी कागदावर काढायचं, कागद उजेडाला धरून पालथा करायचा, आणि पाठीवरून कापडावर उतरवायचं. डावं ते उजवं, उजवं ते डावं. शिपायाला वाटावं नकाशा आहे, आणि त्यानं भलत्याच ओढ्यात पाय घालावा.”

“आईनं?”

“मग कुणी? कागद काढायला मास्तर होता. पण डोकं तिचं.”

“मला कुणी सांगितलं नाही.”

“तू डोंगरात होतीस. तुला कशाला लागत होतं?” पाका म्हणाली, आणि मग तिचा आवाज जरा उतरला. “नंतर सांगेल असं वाटलं असेल तिला. पोरी, मला फोटो तरी आधी दाखवायचास.”

ओतिलियानं फोन तसाच हातात धरून इंग्रिदला हाक मारली. इंग्रिदनं पाकाचं बोलणं पुन्हा पहिल्यापासून ऐकलं, कानामागची पेन्सिल काढली, वहीच्या पानावर चरक, ओढा आणि झाड काढलं, पान फाडून उन्हाला धरलं आणि पालथं केलं. ओढा उजवीकडे गेला, जिथे तो वाहत होता. झाड डावीकडे आलं, जिथे काहीच नव्हतं. नुसती कापलेल्या मक्याची धांडं.

“तिकडे तर झाडच नाही,” खणणारा म्हणाला.

लेन्चो दगडावरून उठला. त्याच्या तोंडावरची थट्टा गेली होती.

“होतं,” तो म्हणाला. “कोनाकास्ते होता. चौघांच्या कवेत न मावणारा. सुरुंग निघाल्यावर आम्ही वर आलो तेव्हा बाँबनं अर्धा जळला होता. बापानं तो पाडला, आणि बुंधा दोन उन्हाळे जाळत बसला. पुढे आपण सगळेच तो विसरलो.” त्यानं धांडांकडे बोट केलं. “तिथं मी कधी खोल नांगरलं नाही, कोमाद्रे. मुळांत फाळ अडायचा. दरवर्षी वाटायचं, पुढच्या वर्षी उपटू.”

गुरुवारी सकाळी सातला त्यांनी धांडं उपटली. इंग्रिद स्वतः गुडघ्यावर बसली, आणि आज कुदळ नव्हती. लहान थापी आणि ब्रश. ओतिलियानं पाकाला फोन लावला होता. “मला बघू दे,” पाकानं आदल्या दिवशी दहादा बजावलं होतं. ओतिलिया थोडा वेळ फोन खड्ड्याकडे धरून उभी राहिली. मग माती काळी पडू लागली, मऊ, कधीतरी उकरलेली. इंग्रिद म्हणाली, “हळू, सगळे हळू,” आणि ओतिलियानं फोन कुठेतरी ठेवला.

आधी नायलॉन दिसला. निळा, पावसात डोक्यावर घ्यायचा, गुइंदेत प्रत्येक बाईच्या कमरेला गुंडाळलेला असायचा तसला. तो कुजला नव्हता. चारी बाजूंनी आत दुमडलेला होता, पाळण्यातल्या पोराला दुपटं खोचतात तसा. इंग्रिदनं वर पाहून डोळ्यांनीच विचारलं, उचलायचं ना? ओतिलियानं मान डोलावली. तिनं इतकी वर्षं ह्या क्षणी रडू येईल असं धरलं होतं, आलं नाही. नायलॉनची घडी किती नीट आहे, हेच ती बघत राहिली. मागून गोळ्या येत होत्या, माणसं पुढे गेली होती, आणि आईनं चारी कडा खोचल्या होत्या.

लेन्चोनं टोपी काढली. दिनोरा आईजवळ येऊन बसली. घडी कुणी उलगडली नाही. ते काम पुढे, टेबलावर, सावलीत व्हायचं होतं. खणणाऱ्यांनी खालून फळी सरकवली आणि सगळंच्या सगळं एकदम वर उचललं. फळी इतकी हलकी होती की उचलणारे दोघं क्षणभर एकमेकांकडे पाहत राहिले.

इंग्रिदनं कागद पुढे केले. सह्या झाल्या. नमुने शहरात जातील, मे महिन्यापर्यंत परत येतील, मग दफन करता येईल, असं तिनं समजावून सांगितलं. बायकांनी कॉफी आणली आणि ह्या खेपेला सगळे बोलायला लागले, एकदम, मोठ्यानं. दिनोराचा हा मामा कुणासारखा दिसायचा, ह्यावरून त्यांतल्या दोघी वाद घालू लागल्या. दोघींनीही त्याला पाहिलं नव्हतं.

बऱ्याच वेळानं ओतिलियाला फोन आठवला. तो धांडांमध्ये उताणा पडला होता. तिनं उचलला तर पडद्यावर पाका होती, तशीच, हनुवटीला हात लावून, डोळे सुजलेले.

“अगं, अजून आहेस?”

“आहे की.”

“काही दिसलं तुला?”

“काय दिसणार? दीड तास नुसतं आभाळ बघतेय. एकदा एक घार गेली.”

“मग बंद करायचास ना.”

पाकानं नाक पुसलं. एकोणनव्वदपासून ती घरी आली नव्हती. तिच्यामागच्या खिडकीत बर्फ पडत होतं.

“ऐकू येत होतं सगळं,” ती म्हणाली. “आणि आभाळही काही वाईट नव्हतं. ठेव परत तसाच, पोरी. तुझी कामं आटप.”

ओतिलियानं फोन पुन्हा मातीवर ठेवला, उताणा, आणि त्यावर ऊन येऊ नये म्हणून दोन धांडं आडवी लावली. मग विचार करून ती काढून टाकली.